तुमचा पीसी म्हातारा झाला, हे कोणी ठरवलं?

दूध नासतं, टायर झिजतो, चपलेचा अंगठा तुटतो. प्रोसेसरचं तसं होत नाही. २०१४मध्ये आलेला इंटेलचा आय५-४५९० घ्या. चार कोअर, ३.३ गिगाहर्ट्झ. पहिल्या दिवशी तो सेकंदाला जेवढं काम करायचा, तेवढंच आजही करतो. तरी दुकानात त्याचं नाव काढा, समोरचा माणूस असा बघतो की तुम्ही आजोबांची सायकल घेऊन मोटोजीपीला आलाय.

हा प्रोसेसर मी मुद्दाम निवडलाय. कंपन्यांनी ऑफिसातून काढलेले आणि ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जाणारे जे काळे डबे आपल्याकडे येतात, त्यांत ही चौथी पिढी भरपूर सापडते. आठ जीबी रॅम, घरघरणारी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही. बारावीनंतर घरात आलेला पहिला कॉम्प्युटर बऱ्याचदा हाच असतो. दिवसा त्यावर बाबांचं टॅली असतं, ताईचा प्रोजेक्ट असतो. रात्री अकरानंतर तो आपला. आता त्यावर आजचे गेम खेळायचेत, आणि खिशात आहेत शिकवणीतून किंवा इंटर्नशिपमधून साठवलेले थोडे पैसे.

मग आपण लॅमिंग्टन रोडला जातो (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते एकदा सांगून बघा). काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बजेट किती?’ कुठला गेम खेळायचाय, मॉनिटर कोणता आहे, डब्यात आत्ता काय आहे, एसएमपीएस किती वॅटचा, यातलं काहीच नाही. नाडी न बघता डॉक्टरनं आधी पगार विचारावा, तसं. मला एकदा एका काउंटरवर डबा न उघडताच नव्या पीसीचं कोटेशन मिळालं होतं. त्यात रंगीत दिवे लागणारे पंखे सहा होते आणि एसएमपीएसच्या ओळीत कंपनीचं नावसुद्धा नव्हतं.

जुन्या पीसीला जे ‘नाही चालणार’ ऐकवलं जातं, त्यातले काही नकार खरे असतात, यंत्राच्या मर्यादेतून आलेले. पण बरेचसे नकार कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलेले असतात. दोन्ही एकाच सुरात सांगितले जातात आणि आपण दोन्ही मुकाट ऐकून घेतो. त्याचंही कारण आहे. तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचताय. त्या फोनची बॅटरी गोंदानं चिकटवलेली आहे, मेमरी बोर्डालाच डकवलेली आहे. रॅम कमी पडली की फोन बदलायचा, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की चार स्क्रूंनी उघडणाऱ्या डब्याकडेही आपण त्याच नजरेनं बघतो.

ठरवलेला नकार म्हणजे काय, ते बघा. मे २०२०मध्ये एएमडीनं सांगितलं की त्यांचे येणारे झेन ३ प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० मदरबोर्डांवर चालणार नाहीत. कारण अगदी तांत्रिक दिलं: बायॉस साठवणाऱ्या चिपमध्ये जागा अपुरी आहे. लोक भडकले, फसवणूक झाली म्हणून ओरडले. दोन आठवड्यांच्या आत कंपनीनं निर्णय फिरवला. २०२२मध्ये तर त्याहून जुन्या, २०१७च्या बी३५० बोर्डांनाही परवानगी मिळाली. आज ज्याच्याकडे असा बोर्ड आहे आणि त्याच्या कंपनीनं बायॉस दिलंय, तो त्यावर ५८००एक्स३डी बसवू शकतो. बोर्ड तोच, चिपही तीच. बदललं ते फक्त कंपनीचं मत, तेही आरडाओरडा झाल्यावर.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट याहून मजेशीर आहे. विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी हवी, सातवी चालणार नाही, असं २०२१मध्ये जाहीर झालं. सुरक्षितता, विश्वासार्हता वगैरे कारणं होतीच. मग यादीत सातव्या पिढीतला एक मोबाइल प्रोसेसर हळूच शिरला, आय७-७८२०एचक्यू. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये होता. एवढा महागडा संगणक विकून काही वर्षांतच त्याला ‘जुना’ म्हणणं कंपनीला बरं दिसलं नसतं. तुमच्या-माझ्या डब्याची लाज वाटणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून तो यादीबाहेर.

आणि गेमच्या पानावरची ती ‘मिनिमम रिक्वायरमेंट’? तिला आपण वजनकाट्यासारखं मानतो. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा किमान प्रोसेसर म्हणून आय५-३५७०के लिहिलेला होता, म्हणजे आपल्या ४५९०च्याही आधीच्या पिढीचा. २०२३मध्ये त्याच गेमच्या पानावर आय७-६७०० आला, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० झालं, हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली. गेममध्ये भर पडली होती, ते खरंच. पण कंपनीनं तेव्हाच स्पष्ट केलं होतं की जुन्या यंत्रांवर गेम बंद पडेलच असं नाही, आम्ही त्यांवर तपासणं थांबवतोय. म्हणजे ‘किमान’चा अर्थ ‘एवढ्यावर आम्ही जबाबदारी घेतो’ असा आहे. ‘याखाली चालत नाही’ असा नाही. हे दोन वेगळे अर्थ वेगळ्या ओळींत लिहायला काय हरकत आहे? हरकत एवढीच की तसं लिहिलं तर काही लोक नवं कार्ड घेणार नाहीत.

आता खऱ्या नकारांकडे. ते लपवले तर माझ्यात आणि काउंटरवरच्या माणसात फरक उरणार नाही. डिसेंबर २०२४मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालतच नाही. ‘डूम: द डार्क एजेस’चंही तसंच. कार्डात ते सर्किट नसेल तर विषय संपला. प्रोसेसरचा नकार जरा वेगळ्या कारणानं खरा आहे. २०१३ ते २०२० या काळात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये आठ कोअर होते, पण अगदी अशक्त. गेम त्यांच्यासाठी लिहिले जायचे, म्हणून आपला चार कोअरचा आय५ आरामात पुरायचा. नोव्हेंबर २०२०मध्ये नवे कन्सोल आले, त्यांत झेन २चे आठ दमदार कोअर आणि वेगवान एसएसडी. त्यानंतर फक्त त्यांच्यासाठी लिहिलेला गेम चार थ्रेडवर अडखळतो. सरासरी फ्रेमरेट बरा दिसतो, पण वळणावर, गर्दीत, स्फोट झाला की चित्र क्षणभर थिजतं. हे दुखणं कार्ड बदलून जात नाही.

मग दुखणं कुठलं, हे आधी ओळखायचं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. डब्यात कुठलंही जुनं कार्ड असेल तर गेम सुरू करा, रिझोल्यूशन आणि ग्राफिक्सची सेटिंग्ज तळाला न्या. फ्रेमरेट उडी मारून वर गेला तर कार्ड कमी पडतंय. जेमतेम हलला तर प्रोसेसर किंवा रॅम. टास्क मॅनेजर उघडून रॅम भरतेय का, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय का, तेही बघा. दहा मिनिटांचं काम. ‘बॉटलनेक’ हा शब्द फेकून पोरांना घाबरवणाऱ्यांपैकी किती जण आधी हे दहा मिनिटांचं काम करायला सांगतात?

आपल्या डब्याला पहिला उपचार रॅम आणि एसएसडी हाच. आठ जीबीची एकच काडी असेल तर तसलीच दुसरी लावली की सोळा जीबी होतातच, शिवाय दोन चॅनल सुरू होऊन थिजणंही कमी होतं. प्रोसेसर त्याच सॉकेटमधला आय७-४७९० सेकंडहँड मिळतो. कोअर चारच, पण थ्रेड आठ. नवा बोर्ड नको, नवी रॅम नको, थोडी थर्मल पेस्ट पुरते. हा पर्याय दुकानदार स्वतःहून सांगत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. तो त्याचा धंदा आहे, त्याबद्दल राग नाही. राग या गोष्टीचा की ‘असा पर्यायच नसतो’ असं तो छातीठोकपणे सांगतो.

कार्डाच्या बाबतीत खरी मेख विजेची असते, आणि इथे मी काटकसरीच्या बाजूनं अजिबात नाही. ऑफिसातल्या डब्याचा एसएमपीएस लहान असतो आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायर बऱ्याचदा निघतच नाही. त्या काळातल्या डेल ऑप्टिप्लेक्समध्ये तर मदरबोर्डाचा कनेक्टरही नेहमीचा २४ पिनांचा नसून ८ पिनांचा असतो, म्हणजे बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही, अ‍ॅडॉप्टर केबल लागते. म्हणून अशा डब्यात स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागणारं कार्ड शोधायचं. जीटीएक्स १६५०ची बिनकनेक्टरवाली आवृत्ती, किंवा फेब्रुवारी २०२४मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीचं रूप, जे ७० वॅटमध्ये भागतं. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल आहे ना, ते मोजून घ्या. आणि स्वस्त आहे म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी गळ्यात मारलं जात असेल तर हात जोडा. त्या कार्डाला चारच लेन आहेत. नव्या बोर्डावर ठीक, पण आपल्या पीसीआय ३.० स्लॉटमध्ये त्यांचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची चार जीबी मेमरी भरली की गेम रडायला लागतो. मोठंच कार्ड हवं असेल तर आधी चांगला एसएमपीएस घ्या, मग कार्ड. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्यावर माझा विश्वास नाही, तुमचाही नसावा. तो जाताना एकटा जात नाही, कार्ड आणि बोर्ड बरोबर नेतो.

एवढं करून हा डबा १०८० पिक्सेलला, मध्यम सेटिंग्जवर, एफएसआर लावून बरेच गेम चालवतो. एफएसआरचं विशेष असं की एएमडीनं २०२१मध्ये ते आणलं तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डांनाही मोकळं ठेवलं. जीटीएक्स १०६० वापरणाऱ्यांना आयुष्य वाढवून मिळालं ते एनव्हिडियाकडून नाही, एएमडीकडून.

आणि मग, यंत्र तयार झाल्यावर, दारावरचा रखवालदार अडवतो. व्हॅलोरंटला किमान लागतो कोअर २ ड्युओ ई८४००, म्हणजे २००८चा प्रोसेसर. पण विंडोज ११वर तोच गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. आपल्या डब्यात टीपीएम असलाच तर १.२ असतो. म्हणजे गेम पेलण्याची ताकद कितीतरी पट जास्त, ओळखपत्र मात्र जुनं. चीटिंग करणाऱ्यांनी ऑनलाइन गेमची वाट लावलीय हे मान्य. पण त्याचा दंड ज्याने कधी चीट केलं नाही आणि ज्याचा पीसी २०१४चा आहे त्याने का भरायचा? विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. लिनक्स आहे, व्हॉल्वचं प्रोटॉन २०१८पासून आहे, आणि एकट्यानं खेळायचे कितीतरी विंडोज गेम त्यावर खरोखर चालतात. व्हॅलोरंट मात्र तिथे चालत नाही. मित्र ज्यावर खेळतात तोच गेम बंद असेल तर बाकीचे शंभर चालून काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा करून रिसायकल झाल्याची नोंद असलेला भाग एक चतुर्थांशाहूनही कमी. आपला डबा त्या ढिगात जाईल तेव्हा त्यातला प्रोसेसर चालूच असेल.

बरं, नवा घ्या म्हणणाऱ्यांनी निदान नवा परवडेल असं तरी ठेवावं. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्यांना एआयच्या डेटासेंटरांचं गिऱ्हाईक मिळालं. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशियल हा आपला सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड आपण गुंडाळतोय. कित्येकांनी आपल्या पीसीत पहिली जादा रॅम टाकली ती याच नावाची. उद्या नवा पीसी बांधायला जाल तेव्हा काउंटरवर तुमच्यापुढे रांगेत डेटासेंटर उभं असेल, आणि त्याला बजेट कुणी विचारणार नाही. त्या काळ्या डब्यातली डीडीआर३ मात्र त्याला नकोय. ती अजून तुम्हाला मिळते.