नारळपाण्यावर ऑर्किड: रीलमध्ये खरं किती?

‘कुकर, नारळपाणी, केळं आणि घरच्या घरी लाखोंची ऑर्किड!’ अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. मी कोरेगावचा. आमच्याकडं आल्याचं पीक मोठं, आणि कंदकूज लागली की अख्खा प्लॉट बसतो. त्यामुळे ‘आलं सोडून हेच करू का?’ असं पोरं खरंच विचारतात. म्हणून या रीलची जरा चिरफाड करू.

नारळपाण्याचं खरं आहे

ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असू शकतात, पण धुळीएवढ्या. त्यांच्यात अन्नसाठा जवळपास नसतोच. निसर्गात एक बुरशी त्यांना जगवते. 1922 मध्ये लुईस नड्सन यांनी दाखवलं की साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवायही या बिया उगवतात. पुढे 1941 मध्ये नारळपाण्यानं धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढवून दाखवले गेले. कारण नारळपाणी हे नारळाच्या बीचंच अन्न. त्यात साखर, अमिनो आम्लं आणि पेशी विभागायला लावणारी सायटोकायनिन संप्रेरकं असतात. म्हणून लिटरभर माध्यमात साधारण 100 ते 200 मिली नारळपाणी घालायची पद्धत आहे. केळ्याचा किंवा बटाट्याचा गरही वापरतात. महागडी संप्रेरकं काही प्रमाणात वाचतात.

मग गोची कुठं आहे?

पहिली गोष्ट, प्रत्येक नारळ वेगळा. कोवळ्या शहाळ्याचं पाणी आणि जून नारळाचं पाणी सारखं काम करत नाही. या बॅचला जमलं ते पुढच्या बॅचला जमेलच असं नाही. म्हणून मोठ्या लॅब मोजूनमापून रसायनं घालतात.

दुसरी, साखर बुरशीलाही आवडते. माध्यम 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली निर्जंतुक करावं लागतं. हे घरच्या कुकरमध्येही जमू शकतं. खरा घोळ बाटली उघडताना होतो. खोलीतल्या हवेतला एक बीजाणू आत गेला की दोन-चार दिवसांत बाटली पांढरी.

तिसरी, रील ज्याला टिश्यू कल्चर म्हणते ते बहुतेक वेळा बीच पेरणं असतं. बीपासूनचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. बाजाराला एकसारखी फुलं लागतात, त्यासाठी शेंड्याच्या ऊतीपासून रोपं करावी लागतात. शिवाय बीपासून फूल यायला काही वर्षं जातात. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

बोंड आणलं कुठून?

हा प्रश्न रीलमध्ये कुणी विचारत नाही. साताऱ्याच्या घाटात, कासकडं झाडांवर रानटी ऑर्किड आहेत. ती ओरबाडणं महागात पडेल: सगळी ऑर्किड साइटिस कराराच्या यादीत आहेत आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर ती यादी आपल्या वन्यजीव कायद्यातही आलीय.

माझं मत

शिकायचं असेल तर नर्सरीतल्या झाडाचं बोंड घ्या, दहा बाटल्या लावा, किती वाचतात ते मोजा. नारळपाण्याची आणि बिनानारळपाण्याची अशा पाच-पाच केल्या तर फरक डोळ्यांनी दिसेल. हा छंद मस्त आहे. धंदा करायचा तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन योजनेत मान्यता मिळालेल्या लॅबची रोपं विचारा. 2006 पासून ही योजना आहे, त्यात रोपांची विषाणू तपासणी होते.

आणि रीलखाली ‘कोर्स फक्त इतक्या रुपयांत’ असं दिसलं, तर त्याला एवढंच विचारा: दादा, तुमच्या किती बाटल्या सडल्या?