परिचारिकेची पात्रता आणि विम्याची चौकट

परळमधील केईएम रुग्णालय आणि नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासूनची, तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबांचा या इमारतींशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस असणाऱ्या परिचारिकेचे मोल त्यांना कोणी सांगावे लागत नाही. तथापि आरोग्य विम्याच्या हिशेबात या परिचारिकेला स्वतःचा रकाना नाही. तिच्या पात्रतेला मान्यता किती आणि तिच्या कामाचे दाम कोणी द्यावयाचे, हे प्रश्न दोन दिसले तरी वस्तुतः एकच आहेत.

विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाण व्याख्या या दृष्टीने बोलक्या आहेत. रुग्णालय कशाला म्हणावे हे सांगताना, तेथे चोवीस तास पात्र परिचारिका असल्याच पाहिजेत, अशी अट त्यांत आहे. मात्र ‘वैद्यक व्यवसायी’ म्हणजे ॲलोपॅथी, भारतीय वैद्यक किंवा होमिओपॅथीच्या परिषदेकडे नोंदलेली व्यक्ती. म्हणजे परिचारिकेवाचून रुग्णालय विम्यास पात्र ठरत नाही; पण तिने स्वतंत्रपणे केलेली तपासणी विम्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा ५ लाख रुपयांपर्यंतचा लाभ राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तीही मुख्यतः रुग्णालयीन उपचारांचीच योजना. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसला पैसा मिळतो. ते निकामी होऊ नये म्हणून मधुमेहावर महिन्यामहिन्याला लक्ष ठेवण्यास मिळत नाही.

गिरणगावाने याहून वेगळी व्यवस्था अनुभवली आहे. १९४८ च्या कायद्यानुसार आलेली कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ मध्ये सुरू झाली. कामगार व मालक यांच्या वर्गणीतून वस्तीतील पॅनेल डॉक्टरची सेवा मिळे. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेचे. परंतु हा विमा नोकरीशी बांधलेला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तसा बहुतेकांचा नोकरीबरोबर विमाही गेला. वयाबरोबर येणारे आजार मात्र राहिले. नेमक्या अशाच आजारांत डॉक्टरच्या दहा मिनिटांपेक्षा परिचारिकेचे सातत्य अधिक उपयोगी पडते.

पात्रतेच्या बाजूने काहीच घडले नाही, असे म्हणता येणार नाही. १९६६ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात परिचारिकांच्या नोंदणीची चौकट घातली. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नर्स प्रॅक्टिशनरांचा संवर्ग निर्माण करण्याची भाषा केली आणि २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची तत्त्वे ठरली. पदव्या वाढल्या, विम्याकडे स्वतःच्या नावाने देयक पाठविण्याचा अधिकार मात्र एकीतूनही मिळाला नाही. येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. होमिओपॅथांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यावर ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा देणारी कायदादुरुस्ती याच राज्याने २०१४ मध्ये केली. आधुनिक वैद्यकाच्या वातावरणातच शिकलेल्या परिचारिकेच्या वाट्याला तेवढी उदारता आली नाही.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचे पहिले प्रशिक्षण १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाले. वृद्धांच्या सरकारी विम्याने मात्र त्यांना सर्व ठिकाणी थेट मोबदला देण्यास १९९८ साल उजाडले. तोही डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. प्रमाणपत्र आणि मोबदला यांत तीन दशकांचे अंतर पडले. तेच अंतर आपण पुन्हा कापावे असे कोठे लिहून ठेवलेले नाही.

यावर डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असतो की गरिबांसाठी दुय्यम वैद्यक निर्माण होईल. तो केवळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. अधिकाराची सीमा, रुग्णाला डॉक्टरकडे पाठविण्याचे बंधन, ठरावीक मुदतीने नोंदणीचे नूतनीकरण आणि चुकीची जबाबदारी या चारही गोष्टी आधी निश्चित झाल्या पाहिजेत. पण प्रस्तुत तुलना डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील नाही. ती परिचारिकेची देखरेख आणि कोणतीच देखरेख नसणे यांच्यातील आहे.

प्रारंभासाठी कामगार विमा योजनेइतकी सोयीची जागा नाही. कारण तेथे वर्गणी घेणारी आणि उपचार पुरविणारी यंत्रणा एकच असल्याने आजार टळल्याची बचतही तिच्याच पदरात पडते. खासगी विमा कंपनीला तेवढा धीर नसतो, कारण पुढल्या वर्षी ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. परळच्या रुग्णालयांतून अनुभव घेतलेल्या परिचारिकांना अशा योजनेत ठरावीक आजारांपुरता अधिकार आणि ठरावीक दर द्यावा, व काही वर्षांनी हिशेब मांडावा. पात्रतेवाचून मोबदला धोक्याचा खरा. पण मोबदल्यावाचून पात्रता म्हणजे भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र. त्याने कोणाचा रक्तदाब उतरत नाही.