पाणी भरणारीला स्वयंसेविका म्हणत नाहीत

परदेशात स्वयंसेविका म्हणून राहून आलेल्या बाईला परतल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात : तिथल्या लोकांसाठी तू काय केलंस? घानाच्या उत्तर भागातल्या सावेलुगू या गावी मी चौदा महिने होते. हा प्रश्न मला कॉलेजात विचारला गेला, शिबिरात विचारला गेला, आतेबहिणीच्या लग्नात पंगतीत बसल्यावरही विचारला गेला. त्या चौदा महिन्यांत तिथल्या लोकांनी माझ्यासाठी काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही. निदान आपण चळवळीतल्या बायकांनी तरी हा दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा, असं माझं मत आहे. कारण ते जे काही करणं होतं, ते जवळजवळ सगळं बायकांनी आणि मुलींनी केलेलं होतं.

सावेलुगू हे तमाले शहराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर, बुर्किना फासोच्या दिशेने जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. वस्ती मुख्यतः दागोंबा लोकांची, भाषा दागबानी, धर्म बहुतेकांचा इस्लाम. पाऊस मे ते ऑक्टोबर एवढाच. डिसेंबरपासून सहाराकडून हरमाटन वारा सुटतो आणि ताटात, अंथरुणात, वहीच्या पानांत बारीक धूळ बसते. बायका सायकलवरून आणि मोटारसायकलवरून बाजाराला जातात, पाठीला मूल बांधलेलं असतं. हे पाहून मला फार बरं वाटलं होतं. वाहन चालवता येणं आणि घरातल्या कामातून सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या स्कूटरवाल्या बायकांनाही ठाऊक आहे.

माझी तिथली सकाळ झाडूच्या आवाजाने सुरू व्हायची. मोठं अंगण, भोवती खोल्या, मधे चूल. घरात दोन बायका, थोरली आणि धाकटी. स्वयंपाक पाळीने. शिवाय थोरलीची भाची होती, बारा वर्षांची. दागोंबांमध्ये भावाची मुलगी वाढवायला आत्याकडे देण्याची जुनी रीत आहे. त्यात माया असते हे मी पाहिलं, आणि आत्याच्या घरातलं काम त्या मुलीच्या अंगावर पडतं हेही पाहिलं. "दासिबा" म्हणून शुभ सकाळ म्हणायचं, मग घरच्यांची, झोपेची, कामाची विचारपूस, प्रत्येकाला "ना" असं उत्तर. मोठ्या माणसासमोर बायकांनी खाली वाकून, जवळजवळ उकिडवं बसून हे करायचं. घाईत असलं तरी हे चुकत नाही. पाहुणा आला की आधी पाणी पुढे करतात, आपल्याकडे गूळपाणी देतात तसंच.

आणि या पाण्यावरच मला बोलायचं आहे.

मी राहत होते त्या भागात नळाला पाणी रोज येत नसे. आलं तर सार्वजनिक नळावर रांग, नाही तर बोअरवेल. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून डोक्यावर वीस-पंचवीस लिटर पाणी आणायचं. घरात मी एक वाढल्यावर पाणी किती वाढलं, याचा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात मांडला : आंघोळीच्या दोन बादल्या, कपडे, भांडी, पिण्याचं वेगळं. म्हणजे दिवसाला तीन खेपा. त्या घातल्या भाचीने, शाळेला जाण्याआधी. मी पातेलं उचलायला गेले तर थोरली रागावली. पाहुण्या बाईने पाणी भरलं तर गावात आमची काय शोभा राहील, असं तिचं म्हणणं. तिची बाजू खरी होती. आपल्या आजीने पाहुण्यांना विहिरीवर पाठवलं असतं का?

शेवटी तोडगा निघाला तो असा. तीनचाकी मोटारगाडीवरून टाकी आणून पाणी विकणारे असतात. माझ्या भत्त्यातून आठवड्याला एक टाकी घ्यायची आणि ती साऱ्या घराने वापरायची. थोरलीला हे चाललं, कारण पाहुण्याने घराला भेट देणं शोभतं. त्यामुळे भाचीची शाळेची वेळ साधायला लागली. फार मोठी गोष्ट नाही ही. पण संस्थेने आम्हाला दिलेल्या जाड माहितीपुस्तिकेत मलेरियाच्या गोळ्या होत्या, सापांची चित्रं होती, उजव्या हाताने जेवावं हेसुद्धा होतं (भारतीय बाईला ते शिकवायला नको). पाणी कोण आणणार, यावर मात्र एक ओळ नव्हती.

खरी वादावादी पुढे झाली. माझ्या राहण्या-जेवणाचे पैसे संस्था दर महिन्याला घरमालकाच्या हातात देत असे. तो माणूस भला होता. पण माझं जेवण शिजवणाऱ्या दोघी होत्या. तुओ झाफी म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती मोठ्या पातेल्यात दोन्ही हातांनी घोटताना खांदे भरून येतात. सोबत चिकट पालेभाजीचं कालवण. हे सगळं लाकडाच्या चुलीवर. मे ते ऑगस्ट हे शियाच्या फळांचे दिवस. तेव्हा त्या दोघी पहाटेच्या अंधारात रानात जाऊन फळं वेचत. मग त्या बिया उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या आणि पाणी घालून तासन् तास हाताने मळायच्या, तेव्हा कुठे ते लोणी निघतं. आपल्या दुकानांत आता शिया बटर म्हणून क्रीमच्या डब्यांवर मिरवतं ते हेच. या कामाचे जे चार पैसे मिळतात, ते बाईचे स्वतःचे असतात. माझ्या स्वयंपाकाला गेलेला वेळ या वेळातून कापला जात होता.

म्हणून मी सुचवलं की जेवणाचे पैसे वेगळे काढून त्या दोघींना द्यावेत. घरमालकाने फारशी कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती आमच्या संस्थेच्या कार्यालयाने. "स्थानिक संस्कृतीत आपण ढवळाढवळ करू नये." याच संस्थेचा प्रकल्प होता स्त्रियांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा! बचत गट काढायला संस्कृती आड येत नाही, मुलींच्या शाळेचे फलक लावायला येत नाही. संस्थेच्या स्वतःच्या खर्चातले पैसे बाईच्या हातात द्यायची वेळ आली की तेवढी आड येते. पाच महिने पत्रव्यवहार करून ते पैसे वेगळे झाले. माझ्यानंतर काय झालं असेल, याची मी खात्री देत नाही.

आता स्वयंसेविका या शब्दाकडे वळते. अमेरिकेच्या पीस कोअरचे सर्वांत पहिले स्वयंसेवक ऑगस्ट १९६१ मध्ये उतरले ते घानातच, शिक्षक म्हणून. देश स्वतंत्र होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तेव्हापासून परदेशी स्वयंसेवक हे तिथलं नेहमीचं दृश्य आहे. माझ्यासारख्या गव्हाळ बाईलाही पोरं "सिलिमिंगा", म्हणजे गोरी, अशी हाक मारायची. ट्वी भाषेत डब झालेल्या 'कुमकुम भाग्य'मुळे मी भारतीय आहे हे कळलं की बायका खूश व्हायच्या आणि भारतातल्या सासवा खरंच तशा असतात का, हे विचारायच्या. ते असो. मला विमानाचं तिकीट होतं, विमा होता, राहायची सोय होती, महिन्याचा भत्ता होता, आणि तरीही मी स्वयंसेविका.

त्याच गावात दुसऱ्या स्वयंसेविकाही होत्या. सावेलुगूत २००६-०७ साली नारूची मोठी साथ आली होती. नारू म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना पायऱ्यांच्या विहिरी आठवतात. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. सावेलुगूत पाणीपुरवठा कोलमडला, लोक पुन्हा तळ्याचं पाणी पिऊ लागले आणि पायांतून जंत निघू लागले. घानात २००६ साली चार हजारांवर रुग्ण होते. २०१० मध्ये आठ उरले, मे महिन्यात शेवटचा सापडला, आणि २०१५ च्या जानेवारीत देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. २००७ च्या फेब्रुवारीत जिमी कार्टर स्वतः सावेलुगूला येऊन गेले, त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. पण घरोघरी जाऊन पाणी गाळायचं कापड देणं, ते फाटलंय का हे पुन्हा जाऊन बघणं, ज्याच्या पायातून जंत निघतोय त्याला तळ्यात उतरू न देणं, हे काम गावोगावच्या स्वयंसेवकांनी आणि घाना रेडक्रॉसच्या महिला गटांतल्या हजारो बायकांनी केलं. यांपैकी कुणाला तिकीट, विमा किंवा घरभाडं नव्हतं. आधी घरचं पाणी भरून मग त्या दुसऱ्याच्या घरी पाणी गाळायला शिकवायला जात होत्या.

एकच शब्द, पण परदेशी माणसाला लागला की त्याचा अर्थ त्याग होतो, आणि तिथल्या बाईला लागला की पगार न देण्याची सोय होते. हे फक्त आफ्रिकेत घडतं असं समजू नका. आपल्या आशाताई २००५ पासून कागदोपत्री स्वयंसेविकाच आहेत. कोविडच्या काळात घरोघरी त्या फिरल्या, २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात त्यांना संप करावा लागला, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला. कामावरचा पगार अजून ठरलेला नाही.

घानाकडे यावर स्वतःचं उत्तर आहे, हे मुद्दाम सांगते. देशाच्या उत्तर टोकाला नावरोंगो इथे १९९० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला. काही गावांत नुसते स्वयंसेवक ठेवले, काही गावांत प्रशिक्षित, पगारी नर्स राहायलाच पाठवली. जिथे नर्स राहिली तिथे काही वर्षांत बालमृत्यू निम्म्यावर आले. नुसत्या स्वयंसेवकांच्या गावांत तसा परिणाम दिसला नाही. यावरून १९९९ मध्ये सरकारने गावपातळीवर नर्स ठेवण्याचं धोरण देशभरासाठी घेतलं. सद्भावनेने काय होतं आणि शिक्षण अधिक पगार यांनी काय होतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आज त्याच देशात शिकलेल्या नर्सेस नेमणुकीची वाट पाहत वर्षानुवर्षं बसून असतात. कंटाळून कित्येक ब्रिटनला जातात. ज्या देशांतून परिचारिका-डॉक्टर ओढून नेऊ नयेत, अशा देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या यादीत घानाचं नाव होतं. आणि उलट दिशेने युरोपातली अठरा-वीस वर्षांची मुलं आरोग्यजागृती करायला काही महिन्यांसाठी तमालेला येतात! मुलं वाईट नसतात, मला त्यांच्याबद्दल राग नाही. पण त्यांचं जेवण, कपडे, आजारपण पुन्हा एखादी थोरली आणि एखादी भाची सांभाळत असते.

"मग कुणी जाऊच नये का?" असं एका मैत्रिणीने मला जरा चिडूनच विचारलं. मी तसं म्हणत नाही. मी गेले याचा मला आनंद आहे, आणि पुन्हा बोलावलं तर जाईन. बचत गटांच्या हिशेबाच्या वह्या लावायला मी शिकवलं, ते उपयोगी पडलं. पण समाजकार्य शिकणाऱ्या मुली माझ्याकडे अर्ज कसा करायचा ते विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी संस्थेला पत्र लिहायला सांगते. हे काम करू शकेल अशी त्या गावातली मुलगी तुम्ही शोधली का, ती का मिळाली नाही? मी ज्या घरात राहणार तिथे पाणी कोण भरतं, आणि माझ्या जेवणाचे पैसे कुणाच्या हातात जातात? तीन महिन्यांत परतायचं असेल तर जाऊच नका, हेही सांगते. तेवढ्यात दागबानीत धड नमस्कारसुद्धा नीट जमत नाही.

आतापर्यंत चौघींनी अशी पत्रं लिहिली. दोघींना उत्तर आलं नाही. एकीला संस्थेने छापील माहितीपुस्तिका पाठवली, सापांच्या चित्रांची. चौथीला मात्र तिथल्या बायकांच्या एका गटाकडून थेट पत्र आलं. पदवीनंतर तिथे एक वर्षाची राष्ट्रीय सेवा असते, त्या सेवेत त्यांना गावातलीच एक मुलगी मिळाली आहे, तेव्हा तुम्ही येण्याची गरज नाही. मात्र हिशेबाच्या वह्यांचा इंग्रजी नमुना असेल तर पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. तो आम्ही दोघींनी बसून तयार केला आणि पाठवून दिला.