गिअरबॉक्स आणि आम्ही कलाशाखेचे

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात गिअरबॉक्सचे काय काम, असे कोणी विचारील. दादासाहेब फाळक्यांचा आपण नाशिककर केवढा अभिमान मिरवतो! त्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे कामही घरीच करावे लागे, आणि त्यात सरस्वतीबाईंचा हात असे. हात काळे केल्याने कला बाटते, ही समजूत नंतरची, आपली.

गेल्या उन्हाळ्यात द्वारकेजवळच्या एका गॅरेजात मी जुनी स्टँडर्ड हेराल्ड दुरुस्त होताना पाहिली. ही गाडी १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. ती काही स्पोर्ट्स कार नव्हे. पण विलायतेत १९६२ साली निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही तिचीच धाकटी बहीण. दोघींचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो. सीट आणि मधला बोगद्यासारखा पडदा काढला, प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट सोडले, की वाट मोकळी.

दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येई. ‘दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवून टाका,’ असा सल्ला मालकांना अनेकांनी दिला होता. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. सबंध बॉक्समध्ये झिजली होती एक पितळी रिंग! चाचांनी (गॅरेजात सारे त्यांना चाचाच म्हणतात) ती गिअरच्या कोनावर दाबून दाखवली. रिंग आणि गिअरचे दाते यांत फट राहायला हवी. ती उरलीच नव्हती. पहिल्या गिअरला तर अशी रिंग मुळातच नाही, म्हणून तो गाडी थांबल्यावरच टाकायचा.

खरी परीक्षा पुढे, बॉक्स परत बसवताना. क्लच प्लेट बरोबर मध्यावर नसेल तर शाफ्ट आत शिरत नाही. मग उतावळे लोक बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतात, आणि प्लेट तरी वाकते नाहीतर घराचा कान तुटतो. चाचांकडे खराद्याकडून करून घेतलेली एक लाकडी खुंटी आहे. तिने प्लेट मध्यावर धरायची, प्रेशर प्लेट आवळायची, मग खुंटी काढायची. बॉक्सचे वजन क्लच प्लेटवर क्षणभरही टांगू द्यायचे नाही. मदतीच्या पोराला ते एवढेच म्हणाले, ‘जात नाही ना? मग जोर लावू नको. काय अडलंय ते बघ.’ प्रॉपेलर शाफ्टचे तोंड हाताने किंचित फिरवले आणि बॉक्स सरकन आत गेला.

हे सारे मराठीत कोठे लिहिलेले मला सापडले नाही. परिभाषेचे कोश आपण केले, त्यांतले शब्द गॅरेजात कोणी उच्चारीत नाही. गॅरेजातले शब्द कोशात कोणी घेत नाही. लोकगीते गोळा करण्यासाठी आपण खेडोपाडी हिंडतो, त्यावर प्रबंध लिहितो. मग कॉलेजपासून दोन मैलांवरचे हे ज्ञान कोणाच्या वाट्याचे? चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. त्यात त्याची चूक नाही, तिथे पगार वेळेवर मिळतो. पण चाचांना आता चष्म्याशिवाय सर्क्लिप दिसत नाही, हेही खरे.

पुढील अंकासाठी मी संपादकांकडे चार पाने मागून ठेवली आहेत. चाचांनी सांगायचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच: छापण्याआधी सगळे त्यांना वाचून दाखवायचे, आणि तेही गॅरेजात, पोरांच्या समोर.