गणिताचे क्रेडिट आणि आईची सही

पाठशाळा सुटल्यावर चपला घालता घालता हल्ली मला एकच प्रश्न येतो. ‘घरी शिकवता, मग हायस्कूलच्या गणिताचं काय करता?’ भाषा, इतिहास आई शिकवू शकेल यावर लोकांचा विश्वास असतो, पण गणिताचं नाव निघालं की चेहरे गंभीर होतात. आमची लेक आता दहावीच्या वयाची आहे आणि आम्ही टेक्ससमध्ये राहतो, त्यामुळे इथलंच सांगते.

टेक्ससमध्ये घरची शाळा ही कायद्याने खासगी शाळाच मानली जाते. १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात ते पक्कं केलं. गणित शिकवणं बंधनकारक आहे, पण कोणतं आणि किती, हे सरकार विचारायला येत नाही. बोर्ड नाही, परीक्षा नंबर नाही. चार वर्षांची गुणपत्रिका, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, आईवडीलच तयार करतात आणि खाली सहीही तेच करतात. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, मग मार्क तूच देणार? घरचंच मंगळसूत्र, घरचाच सोनार!’ मला त्यांचं म्हणणं अगदी बरोबर वाटतं. गणिताची आखणी करताना हाच मुद्दा आधी ठेवायला हवा.

क्रेडिट म्हणजे काय, तर साधारण १२० तासांचा अभ्यास, ही इथली जुनी मोजणी. वर्षाचे १८० दिवस रोज ४० मिनिटं धरली की बरोबर १२० तास होतात. म्हणून काही घरांत घड्याळ लावून तास भरतात. मला ते पटत नाही. तास भरले आणि वर्गसमीकरण सुटत नसेल, तर ते क्रेडिट कागदावरच राहतं. उलट पुस्तक नीट संपलं, प्रत्येक धड्याची चाचणी मुलीने मदतीशिवाय दिली आणि तास थोडे कमी भरले, तर मी निर्धास्तपणे एक क्रेडिट लिहीन.

आपल्या मराठी घरांचा इथे एक गोंधळ होतो. महाराष्ट्र बोर्डात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती शेजारी शेजारी चालतात, भाग १ आणि भाग २. इथे बहुतेक ठिकाणी एक वर्ष अल्जिब्रा वन, मग एक वर्ष जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, पुढे प्रीकॅल्क्युलस. भूमितीच्या वर्षात मुलं बीजगणित साफ विसरतात. पुढच्या वर्षी अल्जिब्रा टू उघडलं की रडारड सुरू. उपाय साधा आहे. जॉमेट्रीच्या वर्षात आठवड्यातला एक दिवस बीजगणिताचा ठेवावा. आमच्याकडे तो शुक्रवार आहे. सॅट परीक्षेतही गणिताचे सुमारे ७० टक्के प्रश्न बीजगणित आणि त्याच्या पुढच्या भागाचे असतात, भूमिती-त्रिकोणमिती साधारण १५ टक्के. त्यामुळे शुक्रवार वाया जात नाही.

किती क्रेडिट लागतात? सरकारी शाळेतल्या मुलांना टेक्ससमध्ये किमान तीन, आणि एखाद्या विषयगटाचा शिक्का हवा असेल तर चार. आपल्याला हा नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे. कॉलेजकडे डोळा असेल तर चारच धरा. आठवीत अल्जिब्रा वन झालेलं असेल तर ते वेगळ्या ओळीत जरूर लिहा, पण त्या भरवशावर बारावीला गणित सोडू नका. वर्षभर गणित न केलेलं मूल कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसलं की काय होतं, ते कुणालाही विचारा.

आता आमच्या घरातला वाद. ह्यांच्या ऑफिसमधल्या सगळ्यांची मुलं म्हणे अकरावीतच कॅल्क्युलस करतात. लेकीला नर्सिंगकडे जायचंय, आणि तिथे बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्र लागतं. ह्यांचं म्हणणं, सोळाव्या वर्षीचं मन उद्या बदललं तर? तो मुद्दा मी खोडून काढत नाही. पण त्यासाठी अल्जिब्रा टू सहा महिन्यांत उरकणं मला मान्य नाही. इंजिनिअरिंगला गेली तरी कॅल्क्युलस कॉलेजात पहिल्यापासून शिकवतातच. कच्चं बीजगणित मात्र तिथे कुणी शिकवत बसत नाही. म्हणून अकरावीत अल्जिब्रा टू निवांत, बारावीत घरी प्रीकॅल्क्युलस आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक सत्र संख्याशास्त्र, असं मी मांडलंय. दोन्ही दारं उघडी राहतात. ह्यांनी अजून मान डोलावलेली नाही.

कम्युनिटी कॉलेजचा हट्ट सासूबाईंच्या त्या वाक्यामुळेच आहे. आईने दिलेल्या ‘ए’ला बाहेरचा एखादा साक्षीदार असावा. आईच्या ‘ए’शेजारी सॅटचा गुण किंवा कॉलेजची श्रेणी असली की वाचणाऱ्याला शंका राहत नाही. एपी परीक्षाही चालते, पण ती मे महिन्यात आणि एखाद्या शाळेतच द्यावी लागते. बाहेरच्या मुलाला बसू देणारी शाळा आदल्या शरद ऋतूतच शोधावी लागते. शिवाय अभ्यासक्रम मंजूर करून घेतल्याशिवाय ट्रान्सक्रिप्टवर ‘एपी’ लिहिता येत नाही. कम्युनिटी कॉलेजात आधी टीएसआय नावाची चाचणी असते, सॅटचे गुण पुरेसे असतील तर ती माफ होते. एक मात्र लक्षात ठेवा, तिथली श्रेणी कायमची नोंदीत राहते. मूल तयार नसताना ‘बघू या’ म्हणून नाव घालू नये.

आणि ‘बी’ असेल तर ‘बी’ लिहा. आपलंच मूल, आपलीच सही, कोण विचारतंय, असा मोह होतो. मी लेकीला आधीच सांगून ठेवलंय: धड्याच्या चाचण्या ७० टक्के, वर्षाअखेरची परीक्षा ३० टक्के, आणि ठरलेलं प्रमाण वर्षाच्या मध्ये बदलायचं नाही, तिनेही नाही आणि मीही नाही. चाचण्यांचे कागद तारीख घालून एका फायलीत, सोबत पुस्तकाचं नाव आणि अनुक्रमणिकेची प्रत. काही कॉलेजं विषयाचा तपशील मागतात. तेव्हा चार वर्षांपूर्वी कोणतं पुस्तक वापरलं होतं, हे आठवत बसावं लागत नाही.