पुतळ्यावर शिकलेले हात माणसाला लागतील काय?

नशिराबादहून जळगाव दहाएक किलोमीटरवर. महामार्ग चौपदरी झाला, टोलनाका आला, मेडिकल कॉलेजही त्याच रस्त्यावर आहे. तरीही गावात एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले तर रुग्णवाहिका यायला वेळ लागणारच, आणि रक्तपुरवठा थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदू निकामी होऊ लागतो. तेवढा वेळ जवळ कोण असतो? शेजारी, रिक्षावाला, नाक्यावरचा पोरगा. डॉक्टर नसतो.

सीपीआर म्हणजे छातीच्या मधोमध तळहाताने मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दर 30 दाबांनंतर दोन श्वास. 1960 साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समधील तिघा संशोधकांनी छातीवरच्या दाबाची ही रीत जगापुढे ठेवली. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्याच पायाभूत अभ्यासक्रमात तिचे शिक्षण आले. उशिरा का होईना, आले. पण शंभर पोरांनी एका पुतळ्याभोवती उभे राहून बघितले म्हणजे ते शिकले, असे कोणी समजू नये. दाब देताना हाताला दम लागतो, कोपर वाकते, दोन मिनिटांत माणूस थकतो. शिवाय सराव सुटला की काही महिन्यांत हात विसरतो. दरवर्षी परीक्षा घेतलीच पाहिजे.

आमचा खरा प्रश्न पुढचाच आहे. पुतळ्याला जात नसते. तो स्पिरिटने पुसलेला असतो. गटारीतून बाहेर काढलेला सफाई कामगार तसा नसतो. 1927 साली महाडला तळ्याचे पाणी प्यायले म्हणून ज्या देशात माणसांची डोकी फुटली, तिथे त्या चिखलाने भरलेल्या छातीवर कोण पटकन हात ठेवील? गुदमरलेल्याला नुसता दाब पुरत नाही, श्वासही लागतो. विषारी वायू असेल तर तोंडाला तोंड लावणे धोक्याचे, तिथे अँबू बॅगच हवी. ती काही फार महाग वस्तू नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली गटारमृत्यूसाठी 30 लाखांची भरपाई ठरवली, ती मेल्यावरची. जिवंतपणी सुरक्षा साधनांशिवाय गटारीत उतरवू नये, हा 2013 चा कायदा आहेच. तो मोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत, ही मागणी आम्ही सोडलेली नाही.

आणि स्त्रिया? सरावाचे बहुतेक पुतळे पुरुषी छातीचे. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, या संकोचापायी बाया मरतात. हेही वर्गातच शिकवले पाहिजे.

2022 पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावातील काही कुटुंबे दत्तक घ्यायची, असा नियम आहे. रक्तदाब मोजून, वहीत आकडे लिहून परत फिरण्यापेक्षा जळगावच्या आणि धुळ्याच्या विद्यार्थ्यांनी त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला छाती दाबायला शिकवावे. न शिकलेल्याने श्वास न देता नुसते दाब दिले तरी चालते, हेही सांगावे. आणि सुरुवात सफाई कामगारांच्या वस्तीपासून करावी.

आपली पोरे राखीव जागांवर डॉक्टर होत आहेत. त्यांना आमची विनंती आहे: येत्या 14 एप्रिलला, खानदेशच्या उन्हात हजारो माणसे मिरवणुकीत चालतील, तेव्हा स्टेथोस्कोप गळ्यात घालून फोटो काढण्याआधी नशिराबादच्या विहारात एक पुतळा आणा आणि मंडळाच्या पन्नास कार्यकर्त्यांचे हात तयार करा. महिला मंडळाला पहिली पाळी द्या.