हुकूमशहा पळाला, हुकूम राहिला



7 फेब्रुवारी 1986 ला कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाचा हुकूमशहा दुवालिए अमेरिकेच्या विमानात बसून फ्रान्सला पळाला. बाप 1957 साली गादीवर आला, पुढे तहहयात अध्यक्ष झाला. 1971 साली तो मेला, तर 19 वर्षांच्या पोराला गादी. जो बोलेल त्याला सरकारी गुंड उचलून नेत. त्याच्यामागं खुर्चीत सेनापती नाम्फी बसला.

पाड्यावरच्या बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा एक आजी म्हणाली, "ते तिकडचं. आपल्याला काय त्याचं?"

आजीचा प्रश्न बरोबर आहे. मग डुकरांचंच घ्या. हैतीतल्या गरिबाची बँक म्हंजे त्याचं काळं डुक्कर होतं. आजारपण आलं, पोराची फी भरायची झाली, की डुक्कर विकायचं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस डुकरांमध्ये रोग आला. अमेरिकेनं सांगितलं, सरकारनं ऐकलं, आणि देशातली डुकरं मारून टाकली. भरपाई कित्येकांच्या हातात पडलीच नाही. त्याच काळात राजपुत्राच्या लग्नात मात्र लाखो डॉलर उडाले. आपल्या कोंबड्या-बकऱ्या अशा कुणी मारल्या असत्या तर?

आपल्याकडंही 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी आली. मे 1976 मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी पाडली. सुमारे 70 हजार माणसं उचलून चीता कॅम्पला नेली. पेपरांवर सेन्सॉर, पुढारी तुरुंगात. त्याच वर्षी 42 वी घटनादुरुस्ती झाली आणि जंगल हा विषय राज्याच्या यादीतून निघून समवर्ती यादीत गेला. म्हंजे दिल्लीचाही हात त्यात आला. जंगलात राहणाऱ्यांना कुणी विचारलं?

1977 साली बाई हरल्या. जनता राजवटीनं आणीबाणीतली बरीच कलमं फिरवली. जंगलाचं तसंच ठेवलं. त्याच्याच जोरावर 1980 चा वन संवर्धन कायदा आला. त्यानंतर वनजमिनीचा प्रश्न घेऊन साहेबाकडं गेलं की तो म्हणायचा, "दिल्लीची परवानगी लागते."

काही साथी म्हणतील, आणीबाणीत चांगले कायदेही आले. आले ना! आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा 1 नोव्हेंबर 1975 ला लागू झाला, वेठबिगारी रद्द झाली. ते आपण नाकारत नाही. पण वरून दिलेला कायदा खाली आणायला माणसं लागतात, आणि त्याच माणसांची तोंडं तेव्हा बांधलेली होती. जिथं जाब विचारणारं कुणी नाही, तिथं झोपडी शाकारायलाही कोंबडी मागणारा येतोच. भ्रष्टाचार तो हाच. तो हैतीत महालात बसला, आपल्याकडं पाड्याच्या वाटेवर उभा राहतो.

म्हणून फक्त राजा बदलून भागत नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, आरेत, मुलुंडच्या डोंगरावर आपले पाडे आहेत, पण कागदावर आपण नाही. तेव्हा पावसाआधी एवढं कराच : दंडाच्या जुन्या पावत्या, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव प्लास्टिकात गुंडाळून ठेवा. म्हातारी माणसं सांगतात ती झाडं, विहिरी, देवाच्या जागा लिहून काढा. आणि संघटनेचा हिशेब दर बैठकीत मोठ्यानं वाचायला लावा. आमच्यापासूनच सुरुवात करा. तहहयात अध्यक्ष आपल्यातही नको.

जिंदाबाद!

– संपादक मंडळ